बॉयलर आणि अमोनिया प्लांट पहिल्यांदा हातात घेताना

मोठ्या कारखान्याच्या युटिलिटी विभागात रुजू झालात की बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकाच शिफ्टमध्ये गळ्यात पडतात: इकडे स्टीम देणारा बॉयलर, तिकडे अमोनियावर चालणारा रेफ्रिजरेशन प्लांट. एक तापवतो, दुसरा गार करतो, त्यामुळे नव्या माणसाला या दोन वेगळ्या विद्या वाटतात. पण दोन्हीकडे ऑपरेटरने दर तासाला स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे: या क्षणी द्रव कुठे आहे? बॉयलरचं पाणी जागेवरून खाली गेलं की भट्टीचा पत्रा आणि नळ्या तापून मऊ पडतात. अमोनिया प्लांटमध्ये द्रव नको तिथे पोचला की कॉम्प्रेसर फुटतो नाहीतर पाइप फाटतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात.

इथे दिलेले आकडे नेहमीच्या शेल बॉयलरचे (ज्यात आगीच्या वाटा मोठ्या पिंपातल्या पाण्यात बुडालेल्या असतात) आणि नेहमीच्या अमोनिया प्लांटचे आहेत. तुमच्या यंत्राच्या निर्मात्याचं पुस्तक वेगळा आकडा सांगत असेल तर पुस्तकातलाच धरा. आणि परवाना किंवा सक्षमतेचं प्रमाणपत्र लागत असेल तर ते हातात येईपर्यंत एकट्याने चार्ज घेऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.

आधी काय जमवायचं

कागद: बॉयलरचं चालू तपासणी प्रमाणपत्र आणि त्यावरचा कमाल परवानगीचा दाब, सेफ्टी व्हॉल्व्हच्या सेटिंगची नोंद, दोन्ही प्लांटचे पाइपलाइनचे नकाशे, व्हॉल्व्ह क्रमांकासह, इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप बंद पाडणारी व्यवस्था) आणि अलार्मची यादी, प्रत्येकाच्या सेट पॉइंटसह (कोणत्या आकड्याला तो पडतो), मागच्या तीन महिन्यांचं लॉगबुक, अमोनियाचं सुरक्षा माहितीपत्रक, आणीबाणीचा आराखडा.

साधनं: टॉर्च, संपर्काने तापमान मोजणारा थर्मामीटर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर, पीएच आणि हार्डनेस (पाण्याचा कठीणपणा) तपासायचा किट, लाल लिटमस कागद, अमोनियाचा हातातला डिटेक्टर, स्वतःचं कुलूप आणि टॅग.

अंगावर: बॉयलरकडे कातडी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, सेफ्टी शूज. अमोनियाकडे डोळ्यांना घट्ट बसणारे गॉगल, अमोनियाला टिकणारे हातमोजे, अमोनिया कॅनिस्टरचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क. हवेची टाकी असलेला श्वसनसंच मशीनरूमच्या बाहेर हवा. तो आत टांगलेला असेल तर गळतीच्या वेळी तुम्ही आणि तो यांच्यामध्ये गॅस असेल.

१. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी लाइन चाला

पहिले दोन-तीन दिवस नकाशा हातात घेऊन फक्त चाला. फीड टँकपासून पंप, पंपापासून बॉयलर, बॉयलरपासून हेडर (स्टीम वाटणारा मुख्य पाइप), हेडरपासून शेवटचा ट्रॅप (लाइनमधलं पाणी काढणारं उपकरण). मग अमोनिया: रिसीव्हर (द्रवाची साठवण टाकी), मुख्य लिक्विड व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा पंप, इव्हॅपोरेटर (जिथे द्रव उकळून गारवा देतो ती कॉइल), सक्शन सेपरेटर (कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या गॅसमधला द्रव वेगळा करणारं भांडं), कॉम्प्रेसर, कंडेन्सर (जिथे गॅस पुन्हा द्रव होतो), परत रिसीव्हर. नकाशात नसलेला पण जागेवर असलेला व्हॉल्व्ह दिसेलच. जुन्या प्लांटमध्ये तो हमखास असतो. नोंद करून ठेवा.

तीन जागा डोळे मिटून सापडल्या पाहिजेत: बर्नरचं आणीबाणीचं बटण, इंधनाचा मुख्य व्हॉल्व्ह आणि रिसीव्हरमधून बाहेर जाणारा अमोनियाचा मुख्य लिक्विड व्हॉल्व्ह. हा शेवटचा बंद केला की प्लांटमधला सर्वात मोठा द्रवसाठा बाकीच्या लायनींपासून तुटतो.

२. चार्ज घेताना

आधीच्या शिफ्टचा माणूस जाण्यापूर्वी त्याच्यासोबत फिरा. कोणता अलार्म बायपास (मुद्दाम निकामी करून ठेवलेला) आहे, कोणता व्हॉल्व्ह अर्धा उघडा आहे, कोणतं काम अर्धवट आहे, हे तीन प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर लॉगमध्ये लिहून घ्या. "सगळं नॉर्मल" हे उत्तर मान्य करू नका. बायपास केलेला लो-वॉटर कटआउट (पाणी कमी होताच बर्नर बंद पाडणारं उपकरण) दिसला तर बॉयलर चालवू नका. ही वादाची बाब नाही.

३. गेज ग्लास: इथे वेळ द्या

बॉयलरवर सर्वात महत्त्वाचं उपकरण कोणतं असं विचारलं तर नवे लोक प्रेशर गेजकडे बोट दाखवतात. खरं उत्तर आहे ती काचेची नळी. आणि ती बिघडली की बहुधा एकाच दिशेने चुकतं दाखवते: पाणी भरपूर आहे म्हणून.

कारण समजून घ्या. काचेला वर स्टीमची वाट आहे आणि खाली पाण्याची. खालची वाट गाळाने बुजली, तर वरून येणारी स्टीम काचेत थंड होऊन पाणी बनते आणि त्या पाण्याला बॉयलरमध्ये परतायला मार्ग नसतो. पातळी हळूहळू चढते. वरची वाट बुजली, तर काचेत अडकलेली स्टीम थंड होते, तिथला दाब पडतो आणि खालून पाणी वर ओढलं जातं. पातळी पुन्हा चढलेलीच दिसते. दोन्ही वेळा बॉयलरमध्ये पाणी संपत असताना काच भरलेली असते.

म्हणून दर शिफ्टला प्रत्येक काच उडवून पाहायची, म्हणजे ड्रेन उघडून दोन्ही वाटा मोकळ्या आहेत का ते तपासायचं. क्रम असा:

- पाण्याचा कॉक बंद करा, ड्रेन उघडा. जोरात स्टीम आली पाहिजे. साधारण ५ सेकंद. स्टीमची वाट मोकळी आहे.
- ड्रेन बंद करा, पाण्याचा कॉक उघडा. पाणी झटकन मूळ पातळीला आलं पाहिजे.
- स्टीमचा कॉक बंद करा, ड्रेन उघडा. आता गरम पाणी फसफसत येईल. बाहेर येताच त्यातल्या काही भागाची वाफ होते, त्यामुळे ते स्टीमसारखं दिसलं तरी आवाज आणि भार वेगळा असतो. चार दिवसांत कानाला फरक कळतो.
- ड्रेन बंद करा, स्टीमचा कॉक उघडा. पाणी पुन्हा झटकन मूळ पातळीला.

पाणी रेंगाळत चढलं तर ती वाट अर्धी बुजलेली आहे. चांगल्या काचेतलं पाणी चालू बॉयलरवर सतत थोडं हलत असतं. अगदी स्थिर पातळी दिसली की संशय घ्या. कॉक उडवताना तोंड काचेसमोर धरू नका, संरक्षक काच काढू नका, आणि शेवटी हँडल कुठे आहेत ते पाहा: बहुतेक बॉयलरवर चालू स्थितीत तिन्ही हँडल खाली लोंबणारी असतात, म्हणजे कंपनाने आपोआप फिरत नाहीत.

दोन काचा असतील तर दोन्ही जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर जी कमी दाखवते ती खरी धरून वागा.

आणखी एक फसवणूक आहे. कारखान्याने एकदम जास्त स्टीम ओढली की बॉयलरमधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर उडी मारते. नवा ऑपरेटर घाबरून फीड पंप बंद करतो. मिनिटाभरात बुडबुडे बसतात आणि पातळी काचेच्या तळाला जाते. पातळी वर गेल्याबरोबर दाबाचा काटा पाहा. दाब पडत असेल तर ते पाणी वाढलेलं नाही, फुगलेलं आहे.

लो-वॉटर कटआउटची चाचणीही रोज, फ्लोट चेंबर उडवून. बर्नर खरोखर बंद पडला पाहिजे, नुसता भोंगा वाजून भागत नाही. आठवड्यातून एकदा मात्र खरी चाचणी करा: फीड थांबवून, दोघांनी काचेवर नजर ठेवून, पाणी हळूहळू उकळून खाली जाऊ द्या आणि कटआउट कोणत्या पातळीला पडतो ते लिहा. काचेत पाणी दिसत असतानाच तो पडला पाहिजे. नाही पडला तर हाताने बर्नर बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत पेटवू नका.

४. थंड बॉयलर पेटवणे

पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा थोडं खाली भरा, कारण तापताना ते फुगणार आहे. वरचा एअर व्हेंट उघडा, मुख्य स्टीम व्हॉल्व्ह बंद ठेवा, धुराड्याचा डॅम्पर उघडा.

मग पर्ज, म्हणजे आत साठलेला गॅस हवेने बाहेर काढणं. भट्टी आणि धुराच्या वाटा मिळून जेवढं आकारमान होतं, त्याच्या किमान चार-पाचपट हवा पंख्याने बाहेर काढल्याशिवाय ठिणगी द्यायची नाही. स्वयंचलित बर्नर हे आपोआप करतो, पण पंखा फिरत असूनही डॅम्पर बंद असेल तर पर्ज फक्त नावाला होतो.

ज्योत धरली नाही तर बर्नर लॉकआउट होतो, म्हणजे हाताने रीसेट करेपर्यंत बंद राहतो. इथे सर्वात मोठा सापळा आहे: रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबणं. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं इंधन आत शिरतं. चौथ्या-पाचव्या वेळी ज्योत धरली की साठलेलं सगळं एकदम पेटतं आणि धुराड्याकडचे दरवाजे उडतात. एकदा रीसेट करा. दुसऱ्यांदाही पडला तर इंधन बंद करून कारण शोधा: फोटोसेलवर काजळी, इग्निशनच्या टोकांतलं अंतर, नोझल, गॅसचा दाब, हवेचं प्रमाण. तापलेल्या विटांवर इंधन सोडून पेटवायचा प्रकार कोणी दाखवला तर शिकू नका.

पहिली आग लहान ठेवा. शेल बॉयलरमध्ये भट्टीकडची धातू लगेच तापते, तळाचं पाणी मात्र बराच वेळ थंडच राहतं. घाई केली तर नळ्यांच्या टोकांना आणि ट्यूब प्लेटला ओढ बसते, आणि त्या भेगा काही महिन्यांनी दिसतात. तेव्हा दोष दुसऱ्याच कशाला तरी दिला जातो. पूर्ण थंड बॉयलरला किती तास द्यायचे ते निर्मात्याच्या पुस्तकात असतं. तेवढे द्या. व्हेंटमधून स्थिर स्टीम येऊ लागली आणि दाब साधारण १ बार झाला की व्हेंट बंद करा.

५. स्टीम लाइनवर घेणे

थंड पाइपमध्ये स्टीम सोडली की ती पाणी बनते. ते पाणी काढलं नाही, तर मागून सेकंदाला २५ ते ३५ मीटर वेगाने येणारी स्टीम त्याचा गोळा करून पुढच्या वळणावर आपटते. हाच वॉटर हॅमर. कास्ट आयर्नचा व्हॉल्व्ह त्यात सरळ दुभंगतो.

आधी लाइनवरचे सगळे ड्रेन उघडा. मुख्य व्हॉल्व्ह बैठकीवरून जेमतेम सुटेल इतकाच उघडा, किंवा बायपास असेल तर त्यातून लाइन तापवा. ड्रेनमधून पाणी थांबून कोरडी स्टीम येईपर्यंत थांबा. मग थोडा थोडा, मिनिटं देत, पूर्ण उघडा. पाइप ठोकायला लागला तर तिथेच थांबा आणि व्हॉल्व्ह हळू बंद करा. ठोके ऐकून व्हॉल्व्ह भरभर उघडणं ही माणसाची नैसर्गिक चूक आहे, आणि त्यात जीव गेलेले आहेत.

६. पाण्याची प्रत आणि ब्लोडाउन

फीडचं हार्डनेस ५ पीपीएमच्या (दहा लाखात भाग) आत, बॉयलरमधल्या पाण्याचा पीएच साधारण १०.५ ते ११.५, टीडीएस साधारण ३५०० पीपीएमच्या आत. सॉफ्टनरच्या (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचं हार्डनेस दर शिफ्टला तपासा. मीठ देऊन रिजनरेट झाला म्हणजे पाणी मऊच आहे असं धरू नका. क्षाराचा थर उष्णता अडवतो, नळी पाण्याने गार राहत नाही आणि तापून मऊ पडते.

ऑक्सिजन नळ्यांना खोल, टाचणीच्या टोकासारखे खड्डे पाडतो. फीड टँक ८५ अंशांच्या आसपास ठेवला तर विरघळलेला बराच ऑक्सिजन आधीच निघून जातो आणि उरलेल्यासाठी सल्फाइट (ऑक्सिजन खाणारं रसायन) कमी लागतं. शिवाय फीडचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं की इंधनात सुमारे १ टक्का बचत होते, म्हणून परत येणारा कंडेन्सेट (वापरलेल्या स्टीमचं गरम पाणी) गटारात सोडू नका. फार तापवलं तर मात्र पंपातच पाण्याची वाफ होऊन पंपाला पाणी ढकलता येत नाही. टँकची उंची किती आहे ते पाहून ठरवा.

किती ब्लोडाउन (क्षार कमी करायला बॉयलरमधून सोडायचं पाणी) लागतो त्याचा हिशोब सोपा आहे: फीडचा टीडीएस भागिले, बॉयलरची मर्यादा वजा फीडचा टीडीएस. फीड ३०० आणि मर्यादा ३३०० असेल तर ३०० भागिले ३०००, म्हणजे स्टीमच्या १० टक्के. कमी केला तर पाणी फेसाळतं आणि क्षार स्टीमबरोबर लाइनमध्ये जातात. जास्त केला तर तापलेलं पाणी वाया.

तळाचा ब्लोडाउन भार कमी असताना, काही सेकंदांच्या छोट्या झटक्यांत. दोन व्हॉल्व्ह असतील तर बॉयलरजवळचा आधी उघडायचा आणि शेवटी बंद करायचा, म्हणजे झीज बाहेरच्याची होते आणि तो बदलता येतो. ब्लोडाउन चालू असताना फोन आला, कोणी हाक मारली, काहीही झालं तरी व्हॉल्व्ह सोडून जायचं नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हचं लिव्हर उचलून पाहायचं असेल तर दाब सेट पॉइंटच्या किमान ७५ टक्के असताना. कमी दाबावर उचलला तर बैठकीत कचरा अडकतो आणि तो गळत राहतो. गळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह स्प्रिंग आवळून कधीही बंद करू नका.

७. काचेत पाणी दिसत नाही

आधी इंधन बंद. बाकी सगळं नंतर. मग काच उडवून पाणी वर गेलंय की खाली ते ठरवा.

खाली गेलं असेल तर फीड पंप सुरू करू नका. भट्टीचा पत्रा लाल झाला असेल आणि त्यावर पाणी पडलं, तर ते क्षणात वाफ होऊन दाब उसळतो आणि तापलेला पत्रा आकसून फाटतो. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलू नका, स्टीम अचानक जास्त ओढू नका, घन इंधनाच्या आगीवर पाणी मारू नका. इंधनाचा पुरवठा आणि ड्राफ्ट (भट्टीतली हवेची ओढ) थांबवा, माणसं दूर करा, बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. सक्षम तपासनीसाने आतून पाहिल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही.

ही भीती वाढवून सांगितलेली नाही. १० बारवर पाणी १८४ अंशांना द्रव असतं. शेल फाटली की त्यातलं सुमारे १६ टक्के पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. बॉयलरमध्ये ५ टन पाणी असेल तर ८०० किलो वाफ, म्हणजे क्षणार्धात १३०० घनमीटर. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावात बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. १९०७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने बॉयलरसाठी कायदा केला, आणि आज जगभर वापरली जाणारी अमेरिकी बॉयलर संहिता त्याच वाटेने १९१४ साली तयार झाली.

८. अमोनियाचा स्वभाव

वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. ३५ अंशांना कंडेन्स करायचा तर गेजवर साधारण १२.५ बार लागतात. उणे १० अंशांच्या इव्हॅपोरेटरमध्ये साधारण १.९ बार. हे दोन आकडे पाठ करा आणि बाकीच्यांसाठी दाब-तापमानाचा तक्ता पॅनेलजवळ लावा. उणे ३३ च्या खाली चालणाऱ्या प्लांटमध्ये सक्शन (कॉम्प्रेसरची ओढून घेणारी बाजू) निर्वातात असतं. तिथे गळती बाहेर येत नाही, हवा आत शिरते.

तांबं, पितळ आणि जस्त अमोनिया खातो. पितळेचा गेज किंवा फिटिंग "तात्पुरतं" लावणं हा नवशिक्यांचा नेहमीचा अपघात आहे. लायनी पोलादाच्याच.

द्रव अमोनिया दोन बंद व्हॉल्व्हमध्ये अडकवू नका. थंड द्रवाने भरलेला पाइप उन्हाने किंवा खोलीच्या उबेने तापला की द्रवाला फुगायला जागा नसते आणि पाइप किंवा व्हॉल्व्हची बॉडी फुटते. लिक्विड लाइन बंद करताना आधी वरचा, पुरवठ्याकडचा व्हॉल्व्ह बंद करा, मधला द्रव पुढे उकळून जाऊ द्या, मगच खालचा. कोणतंही भांडं ८० ते ८५ टक्क्यांहून जास्त भरायचं नाही, कारण तेच.

९. कॉम्प्रेसर सुरू करणे

तेलाची पातळी काचेत दिसते का. क्रँककेस (कॉम्प्रेसरचा तेल असलेला तळ) हीटर आधीपासून चालू होता का. कंडेन्सरचं पाणी आणि पंखे चालू आहेत का. सक्शन सेपरेटरमधली द्रवाची पातळी कमी आहे का. डिस्चार्ज (दाबलेला गॅस बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे हे हाताने तपासा. बंद डिस्चार्जवर कॉम्प्रेसर सुरू करणं म्हणजे सगळा भरवसा एका कटआउटवर टाकणं.

अनलोड (भार न घेतलेल्या) स्थितीत सुरू करा, तेलाचा दाब उठतो का ते पाहा, सक्शन हळूहळू उघडा, मग एक एक टप्पा लोड घ्या. सक्शन एकदम उघडलं तर सेपरेटरमधला द्रव फेसाळून कॉम्प्रेसरमध्ये येतो. द्रव दाबला जात नाही. पिस्टनचं यंत्र असेल तर व्हॉल्व्ह प्लेट, कनेक्टिंग रॉड, कधी हेडसुद्धा जातो. खुणा: डिस्चार्जचं तापमान अचानक पडणं, क्रँककेसवर बर्फ, ठोक्याचा आवाज, अँपिअरची उडी. यातलं काहीही दिसलं की बंद करा, सक्शन बंद करा आणि द्रव कुठून आला ते शोधा.

१०. गरम गॅसने डिफ्रॉस्ट

डिफ्रॉस्ट म्हणजे कॉइलवर साठलेला बर्फ वितळवणं, आणि प्लांट सर्वात जास्त धोक्यात असतो तो इथे. एकाच कॉइलमध्ये थंड द्रव आणि गरम, जास्त दाबाचा गॅस पाठोपाठ येतात. द्रव बाहेर काढल्याशिवाय गॅस सोडला, तर गॅस त्या द्रवाचा गोळा करून एंड कॅपवर (पाइपच्या टोकाच्या झाकणावर) मारतो. उलट डिफ्रॉस्ट संपल्यावर कॉइलमधला दाब न उतरवता सक्शन उघडलं, तर तोच मारा सक्शन लाइनमध्ये.

क्रम मोडायचा नाही:

- लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद, पंखे चालूच. उरलेला द्रव उकळून जाऊ द्या. मोठ्या कॉइलला १५ मिनिटं किंवा जास्त लागतात.
- पंखे बंद, सक्शन बंद.
- गरम गॅस आधी छोट्या व्हॉल्व्हमधून, दाब हळू चढेल असा. मग मोठा.
- बर्फ वितळला की गॅस बंद. ब्लीड व्हॉल्व्हने दाब सक्शनच्या जवळ येईपर्यंत उतरवा.
- मग सक्शन, मग लिक्विड, कॉइल गार झाल्यावरच पंखे, नाहीतर गरम ओलसर हवा आणि पाण्याचे थेंब गोदामभर उडतात.

वीज गेली आणि डिफ्रॉस्ट मध्येच तुटला तर सर्वात जास्त सावध राहा. २०१० साली अलाबामातल्या एका शीतगृहात सात तासांहून जास्त वीज गेल्यानंतर प्लांट पुन्हा सुरू करताना अलार्म पुसले गेले आणि डिफ्रॉस्टमधली कॉइल दाब न उतरताच थेट कूलिंगवर गेली. छतावरचा पाइप आणि कॉइल फुटून १४ टनांहून जास्त अमोनिया बाहेर पडला. वीज आल्यावर प्रत्येक कॉइल कोणत्या टप्प्यात थांबली होती हे जागेवर जाऊन दाब पाहून ठरवा. स्क्रीनवर विश्वास ठेवून रीसेट करू नका.

११. तेल काढणे

तेल अमोनियात मिसळत नाही आणि त्यापेक्षा जड असतं, म्हणून भांड्यांच्या तळाशी साठतं. ते काढणं हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच लोक त्यात घाई करतात. थंड, घट्ट तेलाने वाट बुजलेली असते. व्हॉल्व्ह जास्त उघडला जातो. तेल संपतं आणि मागून द्रव अमोनियाचा फवारा येतो.

ऑइल पॉट (तळाचं तेल जमा करणारं छोटं भांडं) द्रवाच्या बाजूने बंद करा, सक्शनकडची वाट उघडी ठेवा म्हणजे त्यातला अमोनिया उकळून जाईल. पॉटवरचा बर्फ वितळून पॉट खोलीइतका उबदार झाला की आत द्रव उरला नाही. मग सक्शनकडची वाट बंद करून ड्रेन थोडा उघडा. ड्रेनवर हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, आणि त्याला तारेने बांधून ठेवायचं नाही. दोघांनी करा, मास्क आणि गॉगल लावून, पळायची वाट पाठीशी ठेवून. ज्योत किंवा ठिणगी जवळ नको: हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया पेट घेतो.

किती तेल काढलं आणि किती घातलं ते लिहा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर तेल कुठेतरी साठतंय.

१२. हेड प्रेशर चढतंय

हेड प्रेशर म्हणजे कंडेन्सरकडचा दाब. कंडेन्सरमधून निघणाऱ्या द्रवाचं तापमान मोजा, तक्त्यात त्याचा दाब पाहा. गेज त्याहून बराच जास्त दाखवत असेल तर आत हवा आहे. पर्जरने (हवा वेगळी करून सोडणाऱ्या उपकरणाने) काढा आणि ती कुठून शिरली ते शोधा. आकडे जुळत असतील तर दोष कंडेन्सरच्या क्षारात, पाण्यात किंवा पंख्यात आहे. पर्ज करत बसून उपयोग नाही.

१३. वास आला तर

अमोनियाचा वास ५ पीपीएमच्या आसपासच कळतो. आठ तासांच्या कामासाठी २५ पीपीएम ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानतात. ३०० पीपीएम जीवाला तात्काळ धोक्याची पातळी. कॅनिस्टरचा मास्क ३०० च्या खाली, तोही बाहेर पडायला किंवा किरकोळ कामाला. त्यावर फक्त हवेच्या टाकीचा संच, प्रशिक्षित माणूस, आणि बाहेर दुसरा माणूस.

मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने, मग वाऱ्याच्या विरुद्ध निघा. गॅस हवेपेक्षा हलका असला तरी फवाऱ्यातून येणारा थंड पांढरा ढग जमिनीलगत पसरतो. ढग वर जाईल या भरवशावर उभे राहू नका. हवेतला गॅस पाण्याच्या फवाऱ्याने दाबता येतो, पण जमिनीवर साठलेल्या द्रवावर पाणी मारू नका; पाण्याच्या उष्णतेने तो आणखी जोरात उकळतो. छोटी गळती ओल्या लाल लिटमसने शोधा, निळा झाला की तीच जागा.

डोळ्यांत गेला तर लगेच, किमान १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून पाणी. कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, आधी भरपूर पाण्याने सोडवा. आयवॉश आणि शॉवर दर आठवड्याला उघडून पाहा.

ब्राइन (मिठाचं पाणी) गार करणारा चिलर असेल तर ब्राइनमध्ये अमोनिया येतो का ते नियमित तपासा. २०१७ साली कॅनडातल्या फर्नी गावच्या आइस रिंकमध्ये गंजलेल्या चिलरमधून अमोनिया ब्राइनमध्ये उतरला आणि तीन माणसं गेली. गळका चिलर "हंगाम निघेपर्यंत" चालवायचा नसतो.

१४. बंद करणे आणि दुरुस्तीला देणे

बॉयलर थंड होताना दाब शून्याजवळ आला की व्हेंट उघडा, नाहीतर आत निर्वात होऊन गॅस्केट आत ओढल्या जातात. गरम असताना पाणी सोडू नका. गाळ नळ्यांवर भाजून बसतो. जास्त दिवस बंद ठेवायचा असेल तर एकतर सल्फाइट आणि अल्कली घालून काठोकाठ भरा, किंवा पूर्ण कोरडा करून आत सिलिका जेल ठेवा. अर्धा भरलेला बॉयलर सर्वात वेगाने गंजतो.

कोणी आत उतरणार असेल तर स्टीम, फीड आणि ब्लोडाउन तिन्ही लायनी ब्लँक करा (पत्र्याच्या चकतीने कायमच्या अडवा), इंधन कुलूपबंद, ऑक्सिजन किमान १९.५ टक्के असल्याचं मोजून, दारात माणूस उभा करून. दोन बॉयलरचा ब्लोडाउन एकाच लाइनला असेल तर विशेष जपा: चालू बॉयलरचा ब्लोडाउन उघडला की उकळतं पाणी बंद बॉयलरमधल्या माणसावर येऊ शकतं. म्हणून ब्लोडाउन व्हॉल्व्हची चावी सगळ्या बॉयलरना मिळून एकच ठेवतात, जी व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्याशिवाय निघत नाही. तुमच्याकडे दोन चाव्या आढळल्या तर दुसरी आजच वरिष्ठांच्या ताब्यात द्या.

१५. लॉगबुक

दर तासाला आकडा स्वतः जाऊन वाचा आणि तेव्हाच लिहा: बॉयलरचा दाब, पातळी, फीडचं आणि धुराचं तापमान, अमोनियाचे सक्शन आणि डिस्चार्ज दाब, डिस्चार्जचं तापमान, तेलाचा दाब, रिसीव्हरची पातळी. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, सरकणाऱ्या आकड्याला असतो. तोच भार असताना धुराचं तापमान काही आठवड्यांत २० अंशांनी चढलं तर नळ्यांवर काजळी किंवा क्षार बसलाय. रिसीव्हरची पातळी आठवड्यागणिक उतरत असेल आणि गळती सापडत नसेल, तर द्रव कुठल्यातरी कॉइलमध्ये साठलाय. तो सापडेपर्यंत त्या बाजूचा डिफ्रॉस्ट थांबवा.